पाणी जास्त झालं म्हणजे नेमकं काय झालं?

कुंडीतली माती ओली आहे आणि झाडाने मात्र मान टाकली आहे. पानं मलूल, शेंडा झुकलेला, बघणाऱ्याला वाटावं की कित्येक दिवसांत पाण्याचा थेंब मिळालेला नाही. अशा वेळी हात आपोआप पाण्याच्या मगकडे जातो. दोन दिवसांत झाड आणखी खंगतं, मग थोडं खत घालून बघितलं जातं आणि आठवड्याभरात सगळं आटोपतं. जाणत्याला विचारावं तर उत्तर ठरलेलं: ‘पाणी जास्त झालं.’

उत्तर चूक नाही, पण त्यातून कळत काहीच नाही. जास्त म्हणजे किती? कमळ तर पाण्यातच उभं असतं. मनी प्लांटची फांदी बाटलीतल्या नुसत्या पाण्यात महिनोन् महिने जगते. मग कुंडीतल्या दोन मग पाण्याने धडधाकट झाड मरतं कसं?

ते मरतं हवेवाचून. कुंडीतल्या झाडांच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी मुळांना हवा न मिळण्यापाशी येऊन थांबतात, म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन समजून घेण्यासारखा आहे.

मातीखालचा श्वास

पानं उजेडात साखर तयार करतात हे आपण शाळेत शिकलेलो असतो. ती साखर वापरून शक्ती मिळवण्याचं काम मात्र झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीत अहोरात्र चालतं, अंधारातल्या मुळांतही. त्याला ऑक्सिजन लागतो. पानं उघड्या हवेत असतात, त्यांना चिंता नाही. मुळांना तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळवावा लागतो आणि त्या पोकळ्यांत तो वरच्या हवेतून हळूहळू उतरत असतो.

आता या पोकळ्या पाण्याने भरल्या तर? एक लिटर हवेत साधारण २७५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. त्याहून मोठी अडचण वेगाची आहे. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्श्याने तो साचलेल्या पाण्यात पसरतो. म्हणजे पोकळ्या भरल्या की मुळांजवळ जो थोडाफार ऑक्सिजन होता तो मुळं आणि मातीतले सूक्ष्मजीव मिळून संपवतात आणि वरून नवा काही वेळेत पोचत नाही.

उन्हाळ्यात हे गणित आणखी बिघडतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि नेमकी तेव्हाच मुळांची गरज वाढलेली असते. तापमान दहा अंशांनी चढलं की श्वसनाचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणून उन्हात तापलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत पाणी साचून राहिलं तर एक-दोन दिवसांतच नाजूक रोपाची मुळं दगावू शकतात.

ऑक्सिजन संपला की मुळांची शक्ती संपते. पाणी आत घेणं वरवर सोपं वाटलं तरी त्यासाठी मुळं जिवंत आणि कामात असावी लागतात. गुदमरलेल्या मुळांच्या पेशी पाण्याच्या वाटा मिटून घेतात. परिणामी चिखलात उभं असलेलं झाड खरोखरच तहानलेलं असतं! मान टाकणं हे नाटक नाही. फक्त त्याचं कारण आपण समजतो ते नसतं.

आणि मग कूज येते. पिथियम आणि फायटोप्थोरा ही बुरशीसारख्या जीवांची दोन कुळं ओल्या मातीत ठाण मांडून असतात. त्यांचे बीजाणू शेपटीच्या साहाय्याने पाण्यात पोहत जातात, म्हणजे पोकळ्या पाण्याने भरल्या की त्यांना रस्ताच मोकळा होतो. समोर मुळं आधीच अर्धमेली झालेली असतात.

शंका असेल तेव्हा तर्क करत बसण्यापेक्षा रोप कुंडीतून काढून बघावं. लोक याला फार घाबरतात. पण कुंडी आडवी करून कडेने हलकेच ठोकली की मातीचा गोळा अलगद बाहेर येतो आणि दोन मिनिटांत परत बसवला तर झाडाला त्याचा पत्ताही लागत नाही. निरोगी मुळं पांढरी किंवा पिवळसर, ताठ असतात. कुजलेलं मूळ तपकिरी आणि लिबलिबीत लागतं. ते दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत केसासारखा बारीक धागा तेवढा उरतो. सोबत आंबूस, गटारासारखा वास. काही झाडांची मुळं मुळातच गडद रंगाची असतात, तेव्हा रंगापेक्षा ताठपणावर विश्वास ठेवावा.

राहिला बाटलीतला मनी प्लांट. पाण्यात फुटणारी मुळं पाण्याच्या बेताने घडलेली असतात. त्यांच्या आत हवेच्या पोकळ्या जास्त असतात. कमळ, भात, अळू यांच्याकडे तर पानांपासून मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांची कायमची व्यवस्था आहे. शिवाय बाटलीतलं पाणी आपण अधूनमधून बदलतो आणि त्यात कुजणारं खत नसतं. चिंब मातीत मात्र शेणखत, पालापाचोळा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांवर जगणारे असंख्य सूक्ष्मजीव त्याच तुटपुंज्या ऑक्सिजनवर टपलेले असतात. म्हणूनच पाण्यात वाढवलेली फांदी मातीत लावली की पहिले काही दिवस ती कुरकुरते. मातीला साजेशी नवी मुळं फुटेपर्यंत तिला सावलीत आणि बऱ्यापैकी ओलसर ठेवावं लागतं.

तळाशी अडकलेलं पाणी

‘कुंडीला भोक आहे, मग पाणी साचेल कसं?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर प्रयोग करूनच बघावं. भांडी घासायचा नवा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून चिंब करा आणि सपाट, आडवा धरा. थेंब पडतील, कमी होतील, थांबतील. आता अजिबात न पिळता तोच स्पंज उभा करा. पाण्याची धार पुन्हा लागते. स्पंज तोच, पाणी तेच, वाढली ती फक्त उंची.

मातीतल्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि गुरुत्वाकर्षण ते खाली ओढतं. वर पाण्याचा स्तंभ उंच असेल तर ओढ जिंकते आणि पाणी निथळतं. तळाजवळ, जिथे खाली उतरायला उंचीच उरलेली नसते, तिथे पकड जिंकते. त्यामुळे प्रत्येक कुंडीत, भोक कितीही मोठं असलं तरी, तळाशी एक चिंब थर राहतोच. हा थर किती उंच असणार हे कुंडीच्या आकारावर नाही, तर मिश्रण किती बारीक आहे यावर ठरतं. समजा तो पाच सेंटिमीटरचा आहे. तीस सेंटिमीटर उंच कुंडीत तो सहावा हिस्सा झाला, मुळांना वर भरपूर जागा आहे. दहा सेंटिमीटरच्या पसरट कुंडीत त्याच मातीने निम्मी कुंडी चिंब राहील. उथळ भांड्यात भारी माती भरून लावलेली झाडं का टिकत नाहीत, त्याचं कारण हे.

यातूनच तळाला खडी घालण्याच्या सल्ल्याचा निकाल लागतो. हा सल्ला इतका जुना आणि इतक्या ठिकाणी छापलेला आहे की त्यावर शंका घेणंही वावगं वाटतं, पण तो उलटा पडतो. बारीक पोकळ्यांतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भरून ओथंबली तरच उतरतं. म्हणजे खडीच्या थराने चिंब थर नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो. मुळांसाठी असलेली जागा मात्र खडीने खाल्लेली असते. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून खापराचा एक तुकडा किंवा जाळीचा कपटा ठेवायला हरकत नाही. तेवढं पुरे.

खडी घालायची हौसच असेल तर ती तळाला न घालता सगळ्या मिश्रणात मिसळावी. हवेच्या मोठ्या पोकळ्या सगळीकडे हव्यात. जमीन ओलसर आहे पण चिखल नाही, कणांभोवती पाण्याचा पातळ थर आणि मधे हवा, याला शेतकरी वाफसा म्हणतात. कुंडीत आपल्याला पाणी निथळल्यावर हीच अवस्था हवी असते. त्यासाठी बहुतेक झाडांना ढोबळमानाने एक भाग माती किंवा कोकोपीट, एक भाग नीट कुजलेलं खत आणि एक भाग जाड काहीतरी: पर्लाइट (रोपवाटिकेत मिळणारे हलके, पांढरे, सच्छिद्र खडे), भरड रेती, विटेचा बारीक चुरा नव्हे तर हरभऱ्याएवढे तुकडे. प्रमाण तंतोतंत मोजण्यात अर्थ नाही. मूठभर ओलसर मिश्रण दाबून मूठ उघडली की गोळा राहावा आणि बोटाने टोचल्यावर तो भुसभुशीत होऊन पडावा. टोचूनही चिकटून राहिला तर अजून भरड घाला.

इथे एक सावधगिरी. चिकट काळ्या किंवा तांबड्या मातीत थोडीशी बारीक वाळू घातल्याने ती मोकळी होत नाही, उलट सुकल्यावर आणखी घट्ट बसते, कारण बारीक कण वाळूच्या मधल्या जागा भरून टाकतात. वाळू घालायची तर भरड आणि भरपूर. नाही तर तिच्या वाटेला जाऊ नये.

अनेकांना कोड्यात टाकणारी एक गोष्ट म्हणजे दोन वर्षं व्यवस्थित वाढलेलं झाड काहीही न बदलता अचानक कुजू लागतं. पाणी तेच, जागा तीच. बदललेली असते माती. खत आणि कोकोपीट हळूहळू कुजून बारीक होत जातं, मिश्रण खाली बसतं, मोठ्या पोकळ्या बुजतात आणि तळाचा चिंब थर वर चढत राहतो. कुंडीतली माती काठापासून चार बोटं खाली गेली असेल आणि पाणी वर तळ्यासारखं साचून हळूहळू मुरत असेल, तर मिश्रण बदलायची वेळ टळून गेलेली आहे. वर नवी माती लोटून भागत नाही. रोप काढून, जुनी माती बरीचशी झाडून, नव्याने लावावं लागतं.

मोठ्या कुंडीचा मोहही इथेच आवरावा. लहान रोप एकदम भल्यामोठ्या कुंडीत लावलं तर मुळं पोचलेली नसलेल्या मातीतलं पाणी कोण पिणार? ते दिवसेंदिवस तसंच राहतं. आधीच्या कुंडीपेक्षा दोन-तीन बोटं रुंद एवढी वाढ एका वेळी बास.

पाणी घालणं

आता मूळ प्रश्न: जास्त म्हणजे किती? मापाने उत्तर देता येत नाही, कारण झाडाला एका वेळी जास्त पाणी देणं असं जवळजवळ काही नसतं. निचरा चांगला असेल तर बादलीभर ओतलं तरी जादाचं खालून निघून जातं. घात होतो तो दोन पाण्यांमधलं अंतर कमी पडल्याने. म्हणून ‘रोज एक कप’ हा सल्ला मला सगळ्यांत वाईट वाटतो. कपभर पाण्याने वरचा थर कायम ओला, मधली मुळं कधी कोरडी तर कधी ओली, आणि वर घोंघावणाऱ्या इवल्या काळ्या चिलटांची पैदास. ती चिलटं वरची माती सुकतच नाही याची पावती असते.

घालायचं तेव्हा पोटभर घालावं, खालच्या भोकातून चांगलं वाहेपर्यंत. याचे दोन फायदे सहसा कुणी सांगत नाही. पाणी खाली उतरताना पोकळ्यांतली जुनी, वापरलेली हवा बाहेर ढकलली जाते आणि निथळताना त्याच्यामागून ताजी हवा आत ओढली जाते. दुसरं, खतांतले आणि पाण्यातले क्षार धुऊन निघतात. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर धरत असेल आणि पानांची टोकं करपत असतील, तर क्षार साचलेत असं समजून कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट पाणी सावकाश ओतून बाहेर जाऊ द्यावं.

अर्ध्या तासाने ताटलीतलं पाणी फेकून द्यावं. शोभेच्या कुंडीत आतली प्लास्टिकची कुंडी बसवलेली असेल, तर ती उचलून खाली बघायला विसरू नये. पुष्कळ झाडांचा शेवट या न दिसणाऱ्या पाण्यात होतो. कुंडी जमिनीला चिकटून बसली असेल तर खाली चार चपटे दगड द्यावेत. निचरा कमी असलेल्या कुंडीला निथळताना एका बाजूने टेकू देऊन, भोक सगळ्यांत खाली येईल अशी तिरकी केली, तर उभ्या केलेल्या स्पंजसारखंच आणखी थोडं पाणी सुटतं.

मग पुढचं पाणी कधी? इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या धर्मगुरूने १७२४ च्या जुलैमध्ये कुंडीतल्या सूर्यफुलावर एक प्रयोग केला. कुंडीचं तोंड शिशाच्या पत्र्याने बंद करून तो ती सकाळ-संध्याकाळ वजन करत राहिला. दिवसाच्या बारा तासांत झाड पानांवाटे सरासरी सव्वा पौंड, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम पाणी सोडत होतं. गरम, कोरड्या रात्री हेच प्रमाण तीन औंसांवर, म्हणजे ८५ ग्रॅमवर यायचं आणि दव पडलेल्या रात्री काहीच नाही. झाड तेच, कुंडी तीच, तरी खर्चात एवढा फरक. उजेड, ऊन, वारा आणि हवेतला दमटपणा पाण्याचा खर्च ठरवतात, कॅलेंडर नाही. उन्हातली कुंडी खोलीच्या कोपऱ्यात नेली आणि पाण्याचं वेळापत्रक तसंच ठेवलं तर काय होईल ते सांगायला नको. ढगाळ, दमट आठवड्यातही तसंच.

हेल्सची युक्ती आपल्यालाही वापरता येते, वजनकाट्याशिवाय. पाणी निथळल्यावर कुंडी उचलून बघा, तो भार हाताला लक्षात ठेवू द्या. रोज जाता-येता उचलत राहिलात की आठवड्या-दोन आठवड्यांत हात स्वतःच सांगू लागतो. मोठ्या कुंड्या उचलवत नाहीत. तिथे लाकडी काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी. गडद झालेली आणि माती चिकटलेली काडी म्हणजे थांबा. बोट दोन पेरं आत घालून बघणंही ठीक, पण कोकोपीट वरून वाळलेलं दिसतं आणि आत गच्च ओलं असतं, तेव्हा खोल कुंडीत बोटावर विसंबू नये. मातीत खुपसायचे स्वस्त मीटर मिळतात, त्यांचे आकडे मातीतल्या क्षारांनीही हलतात. माझा भरवसा काडीवर जास्त आहे.

पातळ, मोठ्या पानांच्या आणि भाजीच्या झाडांना वरचा दोन पेरांएवढा थर सुकला की पाणी. जाड पानांच्या, खोडात किंवा मुळात पाणी साठवणाऱ्या झाडांना, म्हणजे कोरफड, निवडुंग, स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट यांना, कुंडी तळापर्यंत सुकल्यावर. मातीची कुंडी अंगातूनही पाणी उडवते, प्लास्टिकची उडवत नाही. दोघींना एकाच दिवशी पाणी देऊ नये. दुपारच्या उन्हात पानांवरचे थेंब भिंगासारखे पानं जाळतात हे गुळगुळीत पानांच्या बाबतीत तरी खरं नाही. दुपारी झाड खरंच तहानलेलं दिसलं तर खुशाल घाला.

उलट टोकाची एक फसवणूक मात्र ओळखायला हवी. मिश्रण पार सुकलं की ते आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि पाणी झिडकारू लागतं. तुम्ही वरून ओतता, ते कडेच्या फटीतून तडक खाली येतं, ताटली भरते आणि तुम्हाला वाटतं की झाड तृप्त झालं. मुळांभोवतीचा गोळा आत ठणठणीत कोरडाच असतो. उचलून बघितलं तर कुंडी हलकी लागते. अशी कुंडी पसरट भांड्यात पाण्यात अर्धी बुडेल अशी ठेवावी, वरची माती ओलसर झाली की काढून निथळू द्यावी.

गुदमरलेलं झाड सापडलं तर

सगळ्यांत आधी पाणी थांबवा. मुळं अजून ताठ असतील तर कुंडी उजेडाच्या, वारा खेळत्या जागी, पण कडक उन्हापासून दूर ठेवावी आणि काडीने मातीत चार-पाच खोल भोकं पाडावीत. एवढ्याने बरीच झाडं सावरतात.

कूज लागली असेल तर रोप बाहेर काढून, लिबलिबीत मुळं स्वच्छ कात्रीने जिवंत भागापर्यंत कापून टाकावीत. मुळं निम्मी गेली असतील तर पानांचा भारही तेवढा कमी करावा, कारण उरलेल्या मुळांना सगळ्या पानांचा खर्च झेपणार नाही. उरलेल्या मुळांच्या मानाची लहान कुंडी, नवं भरड मिश्रण, एकदा व्यवस्थित पाणी, आणि मग वजन हलकं होईपर्यंत वाट. मुळं पूर्णच गेली असतील पण खोड वर हिरवं आणि टणक असेल, तर मुळांचा नाद सोडून शेंड्याची फांदी कापून नव्याने लावणं शहाणपणाचं. खोडाचा बुंधाच मऊ, काळा पडला असेल तर त्याच्या वर कापावं आणि आतला रंग बघावा. तपकिरी डाग किंवा रेघ दिसली तर स्वच्छ हिरवा-पांढरा भाग येईपर्यंत आणखी वर कापत जावं, दर वेळी कात्री पुसून.

या काळात खत अजिबात नको. खताच्या क्षारांनी उरलीसुरली मुळंही भाजतात. शेंड्याला नवी पालवी दिसली की मुळांनी काम सुरू केलं असं समजावं. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीचं, आधी माती ओली करून मग.